पिऊन चढला म्हणे

ताडी काढणाऱ्याच्या अंगाला ताडीचा वास येणार नाही तर काय चमेलीचा येणार? पण हे आमच्या गावाला कोण समजावणार! माझा नवरा दारातून बाहेर पडताना जरा झोकांडला, की समोरच्या ओट्यावरच्या बायांनी नाकाला पदर लावलाच म्हणून समजा.

नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही आमच्यात. पण सांगताना घोटाळा नको म्हणून घेते. कनकय्या. आणि नाव घेतलंच आहे तर अरेतुरेही करते, कारण राग यायचा तो त्याचाही आलाय मला.

कनकय्या पीत नाही. ताडी काढणाऱ्या गौडांच्या जातीत जन्मून, रोज ताडावरून मडकी उतरवून, हा माणूस थेंबाला शिवत नाही. बापाचं प्रेत दारात असताना त्यानं शपथ घेतली होती. त्याचा बाप, म्हणजे माझा सासरा पेंटय्या, ताडावरून पडून गेला. सगळं गाव म्हणालं, पिऊन चढला होता. गाव राहू दे, माझी सासू लच्चव्वा स्वतःच अजून तेच म्हणते. पेत्रमावसेला आमच्याकडे मेलेल्या माणसांच्या नावानं जेवण वाढतात आणि वर ताडी ओततात. लच्चव्वा आजेसासऱ्याला ओतते, चुलतसासऱ्याला ओतते. स्वतःच्या नवऱ्याच्या पानावर मात्र तांब्यातलं पाणी. "पिऊनच मेलास ना? आता पाणी पी," म्हणते. दर वर्षी. शब्दही बदलत नाही.

तर अशा घरात संक्रांतीनंतर एका सकाळी कनकय्या झाडाखाली उभा राहिला, कमरेचा दोर बांधला, वर मडकी कशी भरलीत ते बघायला मान मागे टाकली, आणि ताड गरगर फिरला. त्यानं खोडाला मिठी मारली. जरा वेळानं थांबलं म्हणून चढला. वर पोय, म्हणजे रस पाझरतो तो फुलोरा, छाटायला मान तिरपी केली, तर परत तेच. कमरेचा दोर होता म्हणून वाचला. खाली आला तो तोंड राखेसारखं करून, आणि आल्या आल्या भडाभडा ओकला.

ओकला! झालं. आणखी काय पाहिजे होतं लोकांना?

"बापावर गेला," सासू अंगणातून ओरडली. ती हळू बोलूच शकत नव्हती तेव्हा, कारण तिला ऐकू येईनासं झालं होतं. "माझ्या नशिबात एक बेवडा कमी पडला म्हणून दुसरा पोटी आला!"

"आत्याबाई, त्यानं घेतलेली नाही हो," मी म्हटलं.

"काय?"

"घेतलेली नाही!"

"घेतली नाही तर डुलतो कशाला? देवीचा रथ आहे काय?"

आता हिच्याशी कोण डोकं लावणार.

मग सुरू झाल्या आमच्या वाऱ्या. गावातल्या डॉक्टरनं बीपी म्हणून सलाईन लावली. बाटली संपेपर्यंत कनकय्या चांगला होता, घरी आला आणि परत घेरी. तालुक्याच्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढायला लावला. फोटोत काही नाही. तिसऱ्यानं मानेचे मणके झिजलेत सांगून गळ्यात पट्टा घातला. पट्ट्यात मान वर होत नाही, त्यामुळे चक्कर कमी आली, त्यामुळे डॉक्टर खूश. अहो पण मान वर केल्याशिवाय ताडावर कसं चढायचं? पट्टा काढला की पुन्हा झाड फिरतंय ते फिरतंयच.

प्रत्येकानं तेवढं एकच विचारलं, "चक्कर कधी येते?"

आणि कनकय्या मान खाली घालून एकच सांगायचा, "झाडावर."

"मग झाडावर चढू नका."

संपलं! हेच सांगायला शिकले का रे तुम्ही? अशी तिडीक जायची डोक्यात. कोळ्याला म्हणा पाण्यात जाऊ नको, आणि मग त्याच्या घरी येऊन चूल पेटवून जा.

घरातही धड नव्हतं. त्याच सुमाराला कनकय्यानं खाट बाहेर अंगणात टाकली. उकडतंय म्हणाला. पौषात! मी काही विचारलं नाही, पण आत जळत होते. ताडी प्यायला माणसं बसतात त्या मांडवात भजी तळायला एक नवीन बाई यायला लागली होती. मी तिच्याकडे आणि ह्याच्याकडे आळीपाळीनं बघायचे. काही दिसायचं नाही, पण त्यानं काय होतंय, मनाला सांगून ते ऐकतं थोडंच.

सासूनं काटमय्याला बोकड बोलला. काटमय्या आमच्या ताडवाल्यांचा देव. बोकड कापला, गावजेवण झालं. कनकय्यानं देवासमोर मान वर करून हात जोडले आणि तिथेच घेरी येऊन बसला. सगळे म्हणाले, बघा, देवाच्या दारात पण पिऊन आलाय.

आमच्या ताडवाल्यांच्या संघाचा म्होरक्या बुच्चय्या. तो त्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, वाईट वाटून घेऊ नको. झाडाची पोय दिवसातून दोन वेळा छाटली नाही की पाझर आटतो. कनकय्याची झाडं वाळायला लागलीत. पुनवेला झाडांची वाटणी आहे. तोवर तो चढला तर झाडं त्याची. नाहीतर संघातल्या त्या सोमय्याला देतो."

"मामा, तो आजारी आहे."

"आजारी म्हण नाहीतर काही म्हण. पिणाऱ्याला झाडावर सोडायचं नाही. पेंटय्या पडला तेव्हाच नियम केलाय आम्ही."

"त्याचं तोंड हुंगून बघा ना एकदा!"

"मी गौड आहे पोरी. माझ्या स्वतःच्या तोंडाला वास येतो, मी दुसऱ्याचं काय हुंगू?" असं म्हणून हसला मेला.

झाडं गेली म्हणजे काय, हे ज्याची गेली त्यालाच कळतं. आमच्याकडे शेत नाही. कनकय्याला दुसरं काही येत नाही, आणि यावं असं त्याला कधी वाटलंही नाही. सकाळी झाडाच्या शेंड्यावर असतो तेव्हाच तो माणसात असतो. आणि झाडं जाणार ती "बेवडा" असा शिक्का घेऊन जाणार. माझी मुलगी उद्या त्या शिक्क्यासकटच सासरी जाईल. मी रात्रंदिवस चिडलेली असायचे. भांडी आपटायचे, कोंबड्यांना शिव्या द्यायचे.

आता गंमत ऐका. कनकय्याला घेऊन जायला डॉक्टर उरला नव्हता, म्हणून निदान सासूचा कान तरी दाखवू म्हटलं. कारण ती आता कान दुखतो म्हणून शेजारच्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडत होती. कित्येक वर्षं लसूण घालून कढवलेलं तेल ओतत आली होती कानात, वर कापसाचा बोळा. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाची नवी बाई आली होती, डॉक्टर हेमलता. पहिल्या खेपेला तिनं कानात बघितलं आणि थेंब दिले. "आत मळाचा दगड झालाय. आधी मऊ होऊ दे, मग धुऊन काढते. आणि तेल घालायचं ते भाजीत घाला!" दुसऱ्या खेपेला मला एकटीला सासू आवरेना, म्हणून कनकय्याला बरोबर घेतलं. गळ्यात पट्टा, तोंड एवढंसं.

डॉक्टरीण माझ्याहून तापट निघाली. आमच्या आधी एक बाप पोराला घेऊन आला होता. पोराच्या नाकाचा असा घाण वास, की रांगेतली माणसं लांब सरकली. "सर्दी हटत नाही मॅडम," म्हणाला. तिनं बत्ती लावली, चिमट्यानं चिंचोका काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "एकाच नाकपुडीतून घाण येते ती सर्दी नसते. आत काहीतरी गेलेलं असतं. एवढे दिवस औषध कुणाला पाजत होतात, चिंचोक्याला?" मग एक मास्तर. आवाज बसलेला. गप्प बसा सांगितलं तर तो कुजबुजायला लागला. ती कडाडली, "कुजबुजायचंही नाही! त्यानं घशाला आणखी ताण पडतो. पाटीवर लिहा!" मला बाई आवडली.

आमचा नंबर लागला. तिनं आधी विचारलं, कानातून कधी पू आला होता का, पडदा फाटलेला होता का. नाही म्हटल्यावर मोठ्या पिचकारीत कोमट पाणी घेतलं. पण मध्येच लाईट गेली, पाणी गरम करायची किटली बंद पडली, बाहेर कुणाचं तरी नाक फुटलं म्हणून ती तिकडे धावली. परत येईपर्यंत पाणी निवलं असणार. घाईत तिनं तेच घेतलं. एक पिचकारी, दोन, आणि तिसरीला मळाचा हा एवढा गोळा थाळीत पडला. त्याच क्षणी लच्चव्वानं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"अगं आई गं! फिरतंय! भिंत फिरतेय! पडले, पडले मी!"

"काही नाही आजी, डोळे एका जागी लावा. पाणी गार झालं ना, चूक माझी आहे," डॉक्टरीण म्हणाली. "तोल सांभाळायचं यंत्र कानाच्या आत असतं. त्याला गार लागलं की डोकं गरगरतं. थांबेल आता."

"मी प्यायले नाही!" सासू रडवेली होऊन ओरडली. "देवाशपथ, मी थेंब घेतला नाही!"

"कोण म्हणतंय तुम्ही प्यायलात?"

मी कनकय्याकडे बघितलं. तो आईकडे बघत होता, आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं डॉक्टरला आपणहून प्रश्न विचारला.

"मॅडम, कानामुळे अशी चक्कर येते?"

तिनं त्याच्याकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं. "तुम्हाला येते? कधी?"

"झाडावर."

मी कपाळाला हात लावला. पण ही इतरांसारखी नव्हती. "झाडावर म्हणजे कधी? चढताना? उतरताना? मान वर केल्यावर?"

"मान वर केल्यावर."

"किती वेळ टिकते?"

"जरा वेळच. मग थांबते."

"आणि अंथरुणात? कुशीवर वळलात की?"

कनकय्या चुळबुळला. कानाच्या पाळ्या लाल. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं.

"बोला की!" डॉक्टरीण म्हणाली.

"बायकोसमोर... आईसमोर... अंथरुणातलं काय सांगायचं मॅडम?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि तिथेच सुरू झाले. "अंथरुणातलं? बाहेर खाट टाकून बसलायस तू महिनोन् महिने! उकडतंय म्हणे! सांग आता मॅडमना, काय होतंय ते! का ती भजीवाली सांगणार?"

"कोण भजीवाली?" तो खरंच गोंधळला. मग हळूच म्हणाला, "उजव्या कुशीवर वळलं की घर फिरतं. आडवं पडताना पण. म्हणून मी भिंतीला टेकून बसून झोपतो. तुझ्याशेजारी असं धडपडलो असतो तर तू पण म्हणाली असतीस, प्यायलाय."

असा राग आला, आणि असं रडू आलं, की दोन्ही एकमेकांत अडकून बसले. अरे माणसा, तीन तीन डॉक्टर पालथे घातले, गळ्यात जू घेऊन फिरलास, बोकड गेला, आणि ही एवढीशी गोष्ट लाजेपायी पोटात ठेवलीस? आणि त्या तिघांपैकी एकालाही विचारायचं सुचलं नाही!

डॉक्टरणीनं पट्टा काढून माझ्या हातात दिला. त्याला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि एकदम मागे पाडलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर जरा खाली. क्षणभर काही नाही. मग कनकय्या ओरडला आणि माझं मनगट धरलं. "डोळे मिटू नका," ती म्हणाली. "ये, तू बघ." मी वाकून बघितलं. त्याचे डोळे आपोआप फडफडत, झटके देत एका बाजूला पळत होते. कुणी मुद्दाम करू म्हटलं तरी करता येणार नाही असं.

"सापडलं," ती म्हणाली. "कानाच्या आत खडूच्या भुकटीसारखे कण असतात. ते सुटून भलत्या नळीत शिरलेत. मान हलली की ते घरंगळतात, आणि डोकं फिरतं. मणके नाहीत, बीपी नाही, काही नाही."

मग तिनं त्याचं डोकं तसंच धरून ठेवलं, डोळे थांबल्यावर सावकाश डावीकडे वळवलं, परत थांबली, मग त्याला डाव्या कुशीवर, तोंड जमिनीकडे करून फिरवलं, परत थांबली, आणि उठवून बसवलं. सुई नाही, गोळी नाही. पुन्हा एकदा तसंच केलं. मग म्हणाली, "आता उजव्या बाजूला मान करून झोपा."

तो झोपला. डोळे छताकडे.

"फिरतंय," तो घाबरून म्हणाला.

"काय फिरतंय?"

"पंखा."

"लाईट आली! पंखा फिरणार नाही तर काय नाचणार?" डॉक्टरीण पहिल्यांदा हसली. "बाकी काही?"

"बाकी... बाकी काही नाही."

सासू खुर्चीत सरळ बसली होती. कान धुतल्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. तिनं विचारलं, आणि इतक्या हळू आवाजात मी तिला कधीच बोलताना ऐकलं नव्हतं, "मॅडम, हे न पिणाऱ्याला पण होतं?"

"पिण्याचा काय संबंध आजी? वयानं होतं, डोक्याला मार लागून होतं, कधी उगीचच होतं."

"पूर्वी पण व्हायचं?"

"कान पूर्वी पण होते ना?"

बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. मी विचारलं, कान दुखतोय का? मान हलवली. पाणी हवं का? मान हलवली. मला वाटलं, गरगरणं उरलं असेल अजून.

डॉक्टरणीनं बजावलं होतं की पुन्हा तपासल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. त्या वेळी मला ते पण सहन होईना, कारण पुनव जवळ येत होती. पण परत गेलो, तिनं परत तसंच आडवं पाडलं, डोळे शांत. "जा. पण हे परत होऊ शकतं. अंथरुणात जरी फिरलं तरी झाडाकडे जायचं नाही, इकडे यायचं. नवरा लाजला तर पडेल." हे शेवटचं तिनं कनकय्याला नाही, मला सांगितलं.

पुनवेला संघाची सगळी माणसं ताडांखाली जमली. सोमय्या नवा दोर घेऊनच आला होता, काय ती घाई! मी बुच्चय्यासमोर उभी राहिले. "मामा, आधी तोंड हुंगा."

"राहू दे गं. चढू दे त्याला."

कनकय्यानं दोर बांधला. खोडाला हात लावला. मान मागे टाकून वर बघितलं, बराच वेळ. मी मांडवाचा खांब असा धरला होता की तळहातात कुसळ शिरलं. मग तो चढला, नेहमीसारखा, पाय वर, दोर वर, पाय वर, दोर वर. शेंड्यावर मान तिरपी करून पोय छाटली. मडकं घेऊन उतरला, तेव्हा तोंडावर हसू होतं.

बुच्चय्यानं झाडं त्याच्या नावावर ठेवली. आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काटमय्याला बोकड पावला बघा!"

"कसला बोकड?" मी भडकले. "कानात कण सुटले होते! डॉक्टरणीनं—"

"हो हो, डॉक्टरीण पण. पण बोकड तगडा होता." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या कुणाला चक्कर आली की हे परत बोकडच कापणार, आणि तोवर त्या माणसाला बेवडा म्हणणार. भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला, पण तिथे भिंत पण नव्हती.

वाटणीच्या दिवशी संघाच्या पहिल्या मडक्यातली ताडी देवाला द्यायची रीत. सासू ताडाच्या पानाचा द्रोण घेऊन पुढे आली. बुच्चय्यानं भरून दिला. सगळ्यांना वाटलं, काटमय्याच्या दगडावर ओतणार. ती दगडाला ओलांडून पुढे गेली, बांधापर्यंत. तिथे एक शेंडा मोडलेला जुना ताड आहे. पेंटय्या त्याच्याखाली पडला होता. तिनं द्रोण त्या बुंध्याशी रिकामा केला.

मी मागोमाग गेले. "आत्याबाई, आज पेत्रमावस नाही."

"माहीत आहे."

तिनं बुंध्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "शेवटी शेवटी तो पण बसून झोपायचा गं. भिंतीला टेकून. कुशीवर वळला की खाटेची दोरी धरायचा. मी म्हणायचे, पिऊन येतोस आणि वर माझी झोप मोडतोस. तो म्हणायचा, लच्चू, आज घेतली नाही गं. मी म्हणायचे, उद्याची घेतली असशील." तिनं पदरानं नाक पुसलं. "त्याला कुणी विचारलंच नाही, कधी येते म्हणून. मी तर शेजारीच होते."

मी तिच्या हातातला द्रोण घेतला, मांडवात गेले आणि परत भरून आणून दिला.